भाऊबंदकी बंदूकवाल्यांची

मंडळी, बग्ज बनी नावाचा ससा आणि बंदूक घेऊन त्याच्या मागे धावणारा तो टकला, बोबडा शिकारी आठवतो का? नातवंडांबरोबर कार्टून बघितलेल्यांना नक्की आठवेल. त्या शिकाऱ्याचं नाव एल्मर फड. १९४० सालापासून बिचारा सशाच्या मागे आहे. अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या बोलीत ‘फड’ ही एक शिवी आहे, आणि गंमत अशी की ती बंदुकांच्या विरोधकांना कोणी देत नाही. ती दिली जाते आपल्यातल्याच माणसाला. वडिलांची लाकडी दस्त्याची रायफल घेऊन वर्षातून एकदा हरणाच्या शिकारीला जाणारा आणि "ती लष्करी छापाची शस्त्रं हवीत कशाला?" असं म्हणणारा जो असेल, तो फड. थोडक्यात, घरभेदी.

मी गेली काही वर्षं लेकीकडे ओहायोला जाऊन-येऊन असते. तिथे बसून काय करायचं हा आपल्या वयाच्या सगळ्यांचाच प्रश्न! तिच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहतात. त्यांच्या तळघरात शिकारीच्या आणि बंदुकांच्या मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. बंदूक मला आवडत नाही, आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. पण जुन्या मासिकांचा गठ्ठा दिसला की इतिहासाच्या शिक्षिकेचा हात थांबत नाही. ती वाचताना, आणि मग वाचनालयातून पुस्तकं आणून पुढचं वाचताना, माझ्या ध्यानात आलं की अमेरिकन बंदुकांबद्दल आपण भारतात जे ऐकतो (शाळेत गोळीबार, मग मेणबत्त्या, मग वाद, मग पुन्हा गोळीबार) त्यात एक कथा राहूनच जाते. बंदूकवाले एकमेकांशी कसे वागले ही ती कथा. विषय आजीबाईंना न शोभणारा आहे, असं आमच्या घरातल्या एका व्यक्तीचं मत पडलं. पडो बापडं. :)

सुरुवात गमतीच्या भांडणापासून करते. एल्मर कीथ (१८९९-१९८४) हा आयडाहोतला गुराखी. रुंद कडांची टोपी, तोंडात चिरूट आणि मत एकच, गोळी मोठी आणि जड हवी. ‘.४४ मॅग्नम’ नावाचं दणदणीत काडतूस बाजारात आलं त्यामागे याचाच लकडा होता. त्याच्यासमोर जॅक ओ'कॉनर (१९०२-१९७८), ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूकविषयक संपादक आणि त्याआधी ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा प्राध्यापक. त्याचं म्हणणं, गोळी हलकी असली तरी चालेल, वेग हवा आणि नेम हवा. १९२५ मध्ये आलेलं ‘.२७०’ हे काडतूस त्याने इतकं उचलून धरलं की त्याचं नाव आणि ते काडतूस एकत्रच घेतलं जातं. या दोघांनी अनेक वर्षं एकमेकांना लेखांतून आणि खाजगी पत्रांतून टोमणे मारले. वाचकही दोन तटांत विभागलेले. आपल्याकडे किराणा घराणं की ग्वाल्हेर घराणं, तसंच म्हणा ना. त्या भांडणात दोघांच्याही भाकरीला धक्का लागला नाही. उलट दोघांची मासिकं खपली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य घराकडे वळू. नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, स्थापन झाली नोव्हेंबर १८७१ मध्ये न्यूयॉर्कला. विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट हे तिचे संस्थापक. दोघेही यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने असलेले. त्यांची तक्रार साधी होती, आपल्या सैनिकांना नेम धरता येत नाही. म्हणून लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाच्या जागी नेमबाजीचं मैदान तयार केलं, स्पर्धा सुरू केल्या. पहिली पन्नास-साठ वर्षं ही संस्था म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या व्यायाम मंडळासारखी होती. १९३४ मध्ये अमेरिकन संसदेत मशीनगनवर कर आणि नोंदणी बसवणाऱ्या कायद्याची चर्चा चालू होती, तेव्हा एनआरएचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक साक्षीला गेले. हे गृहस्थ १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीची तीन सुवर्णपदकं मिळवलेले. त्यांनी सांगितलं, की लोकांनी सरसकट शस्त्र बाळगून फिरावं असं मला वाटत नाही, त्यावर कडक बंधनं हवीत आणि परवाना हवा. आज हे वाक्य कोणी उच्चारलं, तर त्या माणसाला काय म्हणतील? बरोबर. फड!

मग हे बदललं कधी? तारीखसुद्धा सांगता येते. २१ मे १९७७, शनिवार, सिनसिनाटी शहर.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या रायफलीने. ऑस्वल्डने खोटं नाव घेऊन शिकागोच्या दुकानातून ती मागवली. जाहिरात कुठे छापली होती? एनआरएच्याच ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात. दुर्बीण बसवलेल्या रायफलीची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च वेगळा. हत्येनंतर टपालविक्रीवर बंदी घालण्याची गोष्ट निघाली, तेव्हा एनआरएचे त्या वेळचे प्रमुख फ्रँकलिन ऑर्थ यांनी संसदेपुढे बंदीला पाठिंबा दिला. सभासदांतला एक गट इथेच बिथरला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी या दोघांच्या हत्या झाल्या आणि त्या वर्षअखेर बंदूक नियंत्रणाचा कायदा आला. एनआरएच्या वरिष्ठांनी तो काहीशा नाराजीने, पण गिळला. १९७१ मध्ये मेरीलँडमध्ये केन्यन बॅल्यू नावाच्या सभासदाच्या घरी बेकायदा शस्त्रं असल्याच्या संशयावरून सरकारी माणसांनी धाड घातली. गोळीबारात तो कायमचा पंगू झाला. बिथरलेल्या गटाला आता एक चेहरा मिळाला.

वरिष्ठांचं मन मात्र दुसरीकडे होतं. त्यांना राजकारण नकोसं झालं होतं. वॉशिंग्टन सोडून मुख्यालय कोलोरॅडोला न्यावं आणि न्यू मेक्सिकोमध्ये निसर्ग, शिकार, नेमबाजी यांचं मोठं केंद्र उभारावं असा त्यांचा बेत होता. १९७६ च्या नोव्हेंबरात एका शनिवार-रविवारी त्यांनी सत्तरहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. त्यांत कडव्या गटाची माणसं पुष्कळ होती. म्हणजे बघा, पहिला दगड ‘मवाळांनी’च मारला. हे सांगणं मला आवश्यक वाटतं, कारण नंतरच्या कथेत मवाळ म्हणजे बिचारे सज्जन असं चित्र काढायचा मोह होतो.

सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत नील नॉक्स या संपादकाच्या नेतृत्वाखाली कडवे जमले. ओळख पटावी म्हणून त्यांच्या डोक्यावर शिकाऱ्यांच्या भडक नारिंगी टोप्या आणि निरोपानिरोपीसाठी हातात वॉकीटॉकी. घटना-नियमांचं पुस्तक त्यांनी पाठ करून आणलेलं. एकेक ठराव मांडत, एकेक मतदान घेत सभा रात्रभर चालली. सभागृह मुद्दाम गरम ठेवलंय, वातानुकूलन बंद केलंय, अशी ओरड झाली. पहाटे चारच्या सुमाराला सभा संपली तेव्हा जुनं नेतृत्व गेलेलं होतं आणि हार्लन कार्टर नावाचा, एके काळी सीमा पोलिसांचा प्रमुख असलेला माणूस सर्वेसर्वा झाला होता. मुख्यालयाचं स्थलांतर रद्द. आमच्या सुरत काँग्रेसमध्ये (१९०७) निदान जोडा तरी फेकला गेला होता. इथे सगळं नियमांना धरून, आणि निकाल मात्र सुरतेपेक्षा कायमचा. कार्टरच्या काळात काही वर्षांत सभासद दहा लाखांच्या आसपास होते ते जवळजवळ तिप्पट झाले. तेव्हा ‘मूठभर माथेफिरूंनी संस्था पळवली’ असं म्हणून सुटका नाही. सभासदांना तेच हवं होतं.

या कार्टरबद्दल १९८१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक गोष्ट उघड केली. १९३१ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, टेक्सासमधल्या लारेडोत त्याने रामोन कासियानो नावाच्या पंधरा वर्षांच्या मेक्सिकन वंशाच्या मुलाला बंदुकीने मारलं होतं. खुनाची शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात रद्द झाली, आणि पुढे त्याने आपल्या नावाचं एक अक्षर बदलून घेतलं. या बातमीने संस्थेत त्याचं आसन हललं नाही. आसन कशाने हलतं आणि कशाने हलत नाही, हे बघण्यासारखं आहे.

कारण नील नॉक्सचं हललं. १९८२ मध्ये कार्टरनेच त्याला पदावरून काढलं, फारच आडमुठा म्हणून. तो पुन्हा आला. १९९७ मध्ये त्याला हरवायला ‘बेन-हर’वाला चार्लटन हेस्टन आणावा लागला, आणि हरवणारा वेन लापिएरचा गट हा स्वतःच कडवा होता! एव्हाना एनआरएलाही मिळमिळीत म्हणणारी ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९७५ पासून बाजूला उभीच होती. या घराण्यात प्रत्येकाला आपल्यापेक्षा कडवा कोणीतरी भेटतोच.

आता तीन माणसं आणि एक कंपनी.

कंपनी आधी. स्मिथ अँड वेसन, १८५२ पासूनची, २०२३ पर्यंत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या हातात जे रिव्हॉल्वर असतं ना, त्या प्रकारच्या शस्त्रांचं हे माहेरघर. १९८७ मध्ये टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने ती सव्वाअकरा कोटी डॉलरला घेतली. नव्वदच्या दशकात अनेक शहरांनी बंदूक कंपन्यांवर दावे लावले, तेव्हा मार्च २००० मध्ये या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. बंदुकीबरोबर कुलूप देऊ, मालकाशिवाय दुसऱ्याला चालवता येणार नाही अशी पिस्तुलं बनवायचा प्रयत्न करू, आमचे विक्रेते जास्त काटेकोर राहतील, अशी कलमं. त्यानंतर जे झालं ते कोणी वरून हुकूम देऊन झालं नाही. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, दुकानदारांनी माल परत केला, इतर कंपन्या बाजूला सरकल्या, एनआरएने तिला शरणागत ठरवलं. कंपनीचे प्रमुख एड शुल्ट्झ त्याच वर्षी गेले, कामगार कमी करावे लागले. मे २००१ मध्ये कंपनी विकली गेली, रोख दीड कोटी डॉलरला (कर्ज घेणाऱ्याच्या डोक्यावर). घेणारी कंपनी बंदुकांची सुरक्षा-कुलपं बनवणारी होती. दैवाला विनोदबुद्धी असते कधीकधी.

पहिला माणूस जिम झुम्बो. वायोमिंगमधल्या कोडी गावचा, सहासष्ट वर्षांचा, चाळीस वर्षं एनआरएचा सभासद. ओ'कॉनरच्या त्याच ‘आउटडोअर लाइफ’मध्ये शिकारीचा संपादक, शिवाय टीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम. फेब्रुवारी २००७ मध्ये कायोटीच्या (कोल्ह्यासारखा प्राणी) शिकारीवर असताना त्याला कळलं की काही शिकारी आता एआर जातीच्या रायफली वापरतात. रात्री त्याने चार ओळी लिहिल्या. या रायफलींना शिकारीत जागा नाही, त्या दहशतवाद्यांच्या रायफली आहेत, अशा अर्थाच्या. आठवड्याभरात त्याचं सगळं गेलं. रेमिंग्टन कंपनीने संबंध तोडले, मासिकातली जागा गेली, टीव्हीचा कार्यक्रम गेला, एनआरएनेही हात काढून घेतला. त्याने दोनदा-तीनदा माफी मागितली. उपयोग झाला नाही. मग टेड न्यूजंट या गिटारवाल्या, एनआरएच्या संचालक मंडळावरच्या गृहस्थाने त्याला आपल्या रँचवर बोलावून त्याच रायफली चालवायला लावल्या. शाळेत चुकलेल्या मुलाला फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावतात, तसं. त्याचं नाव क्रियापद झालं. ‘झुम्बो करणे’ म्हणजे आपल्याच माणसाला एका वाक्यासाठी संपवणे.

त्याच्या शब्दांना लोक इतके का चिडले हेही समजून घ्यायला हवं. (वर्गात मी नेहमी सांगायचे, ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याची बाजू आधी वहीत लिहा.) एआर-१५ ही यूजीन स्टोनरने आर्मलाइट कंपनीसाठी काढलेली रायफल, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरची. एआर म्हणजे आर्मलाइट. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं या प्रकारच्या नव्या रायफलींच्या विक्रीवर केंद्र सरकारची बंदी होती. ती उठली, त्याच वेळी इराक-अफगाणिस्तानातून तरुण सैनिक परत येऊ लागले, ज्यांचा हात याच घडणीच्या रायफलीवर बसलेला. त्यांना त्यांच्याच सर्वांत मान्यवर लेखकाने दहशतवादी म्हटलं! पुन्हा बंदी आली तर पुराव्याला हेच वाक्य काढतील, ही भीती खोटी नव्हती. शिवाय त्यांच्यापुढे ब्रिटनचं उदाहरण होतं. १९९६ मध्ये डनब्लेन गावच्या शाळेत सोळा मुलं आणि एक शिक्षिका मारली गेल्यावर १९९७ मध्ये तिथे पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली, इतकी की ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांना सरावाला परदेशी जावं लागलं. शिकारीच्या बंदुका मात्र राहिल्या. पक्ष्यांची शिकार करणारे उमराव आमच्या मदतीला आले नाहीत, ही तिथल्या पिस्तूलवाल्यांची तक्रार. ‘फड’ या शिवीच्या मुळाशी हा धडा आहे, आज त्याची, उद्या तुझी.

हे सगळं मला समजतं. पण एका माणसाची चाळीस वर्षं आठ दिवसांत पुसायची, आणि त्याने माफी मागितली तरी पुसायची, हे त्यातून सिद्ध होत नाही. कीथ आणि ओ'कॉनर आयुष्यभर भांडले आणि दोघेही लिहीत राहिले. झुम्बोच्या वेळी फरक हा पडला की वाचकांनी लेखकाला उत्तर दिलंच नाही. जाहिरातदारांना गाठलं. लेखकाशी वाद घालायला मुद्दा लागतो. जाहिरातदाराला फक्त भीती घालावी लागते.

दुसरा माणूस डॅन कूपर. माँटानात उत्तम शिकारी रायफली बनवणाऱ्या, स्वतःच्या नावाच्या कंपनीचा प्रमुख. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याने ओबामांना देणगी दिल्याचं वर्तमानपत्रात आलं. बहिष्काराची हाक उठली आणि थोड्या दिवसांत कंपनीनेच त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. त्याच्याबद्दल एवढंच.

तिसरा डिक मेटकाफ, आणि हा माझ्या विशेष जवळचा, कारण हा इतिहासाचा अध्यापक. ‘गन्स अँड ॲमो’ या मोठ्या मासिकात त्याचं सदर होतं. डिसेंबर २०१३ च्या अंकात त्याने लिहिलं की घटनेने दिलेल्या प्रत्येक हक्काला काही नियम असतातच, मग शस्त्रांच्या हक्कालाही असायला हरकत नाही. त्याच्या इलिनॉय राज्याने तेव्हा नुकतीच लपवून शस्त्र बाळगायला परवानगी दिली होती आणि अट घातली होती सोळा तासांच्या प्रशिक्षणाची. त्याचं म्हणणं, सोळा तास शिकावं लागलं म्हणून हक्क हिरावला जात नाही. बस, एवढंच. वर्गणी बंद करण्याच्या धमक्या आल्या, जिवाच्याही आल्या. दोन मोठ्या बंदूक कंपन्यांनी कळवलं की हा राहिला तर आम्ही नाही. मेटकाफला काढलं, लेख छापणाऱ्या संपादकाने माफी मागून खुर्ची सोडली. त्याच मासिकाच्या एका माजी संपादकाने वार्ताहराला सांगितलं की एखादा शहाणपणाचा मुद्दा मान्य करायचे दिवस आता गेले. मी हे वाचून शेजारच्या गृहस्थांना विचारलं, की सोळा तासांत वाईट काय? ते म्हणाले, मला माझ्या वडिलांनी दोन वर्षं नुसती रिकामी बंदूक धरून चालायला लावलं होतं.

याच सुमाराची, २०१४ मधली, आणखी एक हकीकत. आर्माटिक्स या जर्मन कंपनीने एक पिस्तूल काढलं, जे मालकाच्या मनगटावर विशिष्ट घड्याळ असेल तरच चालायचं. लहान मुलाच्या हाती पडलं तर नुसतं खेळणं. मेरीलँडमधल्या रॉकव्हिल गावच्या एका दुकानदाराने ते ठेवायचं ठरवलं. तो स्वतः कट्टर बंदूकवाला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. पण इथेही दुसरी बाजू आहे. न्यू जर्सी राज्यात २००२ पासून कायदा होता, की असं पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आलं की तीन वर्षांनी त्या राज्यात फक्त तसलीच पिस्तुलं विकता येतील. म्हणजे मेरीलँडच्या एका विक्रीने न्यू जर्सीतली बाकी सगळी पिस्तुलं बंद! हा कायदा २०१९ मध्ये बदलला, आणि तो करणाऱ्यांनी आपल्याच हेतूचा घात कसा केला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दुकानदाराला धमक्या देणाऱ्यांनी तो कायदा केला नव्हता, हे खरं. पण दुकानदारानेही केला नव्हता ना!

इथपर्यंत झाली आत असलेल्यांना बाहेर काढण्याची गोष्ट. ज्यांना दारातच अडवलं त्यांची याहून जुनी आहे.

यादवी युद्ध संपल्यासंपल्या, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. परवाना देणार कोण, तर कालचेच मालक. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यावर मी वर्षानुवर्षं शिकवलं, युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, त्यामुळे ही युक्ती ओळखायला मला वेळ लागला नाही. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. अहिंसेच्या या पुजाऱ्याने तेव्हा शस्त्र बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, हे किती जणांना माहीत आहे? नाकारला गेला. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी उघडपणे भरलेली बंदूक बाळगायला बंदी करणारा मलफर्ड कायदा झाला. सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, आणि एनआरए त्या वेळी कायद्याच्या बाजूने.

बायकांचंही तेच, जरा सौम्य. ॲनी ओकली (१८६०-१९२६) या ओहायोच्याच मुलीने जगभर नेमबाजीचे खेळ केले, हजारो बायकांना बंदूक शिकवली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध होणार दिसलं तेव्हा तिने राष्ट्राध्यक्षांना कळवलं की पन्नास नेमबाज स्त्रियांची तुकडी घेऊन मी तयार आहे. कोणी बोलावलं नाही. माझी लेक परवा-परवापर्यंत या विषयापासून दूर होती. शेजारी चोरी झाल्यावर ती नवऱ्याबरोबर एका बंदुकीच्या दुकानात नुसती चौकशीला गेली. प्रश्न ती विचारत होती आणि विक्रेता उत्तरं जावयाकडे बघून देत होता. तिने मॅगझिनला ‘क्लिप’ म्हटलं, तर दुकानातले दोघे-तिघे एकमेकांकडे बघून हसले. (मॅगझिनमध्ये काडतुसं भरतात, क्लिप ही काडतुसं एकत्र धरणारी नुसती पट्टी. एवढ्यावरून तिथे माणसाची जात ठरते.) तिने काही घेतलं नाही. मला बरंच वाटलं, पण हसणाऱ्यांचा राग आला तो आलाच.

आणि फिलँडो कॅस्टिल. मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या एका शाळेत जेवणघराचा पर्यवेक्षक, वय बत्तीस. त्याला मुलांची नावं पाठ असत, कोणाला काय खाल्लेलं चालत नाही तेही. ६ जुलै २०१६ च्या संध्याकाळी पोलिसाने त्याची गाडी थांबवली. गाडीत मैत्रीण आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी. नियमाप्रमाणे परवाना काढलेला, नियमाप्रमाणेच त्याने शांतपणे सांगितलं, की साहेब, माझ्याजवळ शस्त्र आहे. क्षणात पोलिसाने सात गोळ्या झाडल्या.

सरकारने परवानाधारक सभासदाला हात लावला की पेटून उठायचं, ही १९७१ च्या बॅल्यू प्रकरणापासूनची रीत. इथे तर परवानाधारक माणूस परवान्याचा उच्चार करताना मेला होता. एनआरएचं निवेदन दोन दिवसांनी आलं, प्रकरण चिंताजनक आहे, चौकशी व्हावी, एवढंच. त्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं. जून २०१७ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला, तेव्हाही संस्था गप्प. मग एनआरएच्याच चित्रफितींतून झळकणाऱ्या कॉलिअन न्वार या कृष्णवर्णीय वकिलाने स्वतःच्या नावाने लिहिलं, की कॅस्टिल आज जिवंत असायला हवा होता. कृष्णवर्णीय बंदूकधारकांची स्वतंत्र संघटना २०१५ मध्येच निघाली होती. आता तिकडे वळणाऱ्यांना, जुन्या घरात काय कमी होतं, असं विचारायची सोय राहिली नाही.

लापिएर पुढे जानेवारी २०२४ मध्ये पायउतार झाले. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने, संस्थेचे पैसे स्वतःवर उधळले म्हणून, त्यांनी ४० लाखांहून अधिक डॉलर भरून द्यावेत असं ठरवलं. एका वाक्यासाठी झुम्बोला आठ दिवसांत बाहेर काढणारी ही बिरादरी. लापिएर तिथे प्रमुखपदावर होते १९९१ पासून.